बाळ पेटीत आहे, आम्ही काय करायचं?

ठाणे आणि नवी मुंबईतून नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबद्दल, म्हणजे एनआयसीयूबद्दल, बरेच प्रश्न आले. त्यांतले काही निवडून, थोडे कापून इथे घेतले आहेत. उत्तरं नवजात शिशुतज्ज्ञ आणि एनआयसीयूतल्या सिस्टर यांनी मिळून दिली आहेत. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या बाळाचा डोस आणि दुधाचं माप त्याला रोज तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

आमची मुलगी २९व्या आठवड्यात झाली, वजन ११५० ग्रॅम. आज पाचव्या दिवशी १०४० भरलं. नाकात नळी आहे, शेजारच्या बाटलीत सारखे बुडबुडे येतात. मॉनिटर दर पाच मिनिटांनी कोकलतो, सिस्टर येतात, बटण दाबून जातात. नेमकं काय चाललंय?
– एक बाबा, ऐरोली

आधी वजन. ११० ग्रॅम उतरलं म्हणजे साधारण साडेनऊ टक्के. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाचं पहिल्या आठवड्यात १० ते १५ टक्के वजन उतरतं, आणि त्यात मोठा वाटा अंगातल्या जादा पाण्याचा असतो. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. पुढे दिवसाला किलोमागे १५ ते २० ग्रॅम वाढ झाली की गाडी रुळावर आहे म्हणायचं. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही वाढ रोजची वीसेक ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ एका ओल्या लंगोटाएवढी. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर हुरळू नका आणि खचूही नका. तीन-चार दिवसांचा कल विचारा.

ती बाटली म्हणजे बबल सीपॅप. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे श्वास सोडताना आतून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शरीर सरफॅक्टंट नावाचा निसरडा थर बनवतं. तो पुरेसा तयार व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. तोवर बाहेरून हवेचा थोडा दाब देऊन फुगे उघडे ठेवायचे, एवढंच हे यंत्र करतं. श्वास मुलगी स्वतःच घेते. नळीचं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं की दाब ५ सेंटिमीटर, ६ बुडवलं की ६. इतकं साधं आहे. तेव्हा बुडबुड्यांचा आवाज चालू असणं चांगलं. बाटली गप्प झाली तर सिस्टरना हाक मारा. बहुतेक वेळा नाकातली टोकं सरकलेली असतात, बाळाने तोंड उघडं टाकलेलं असतं, नाहीतर ओलाव्याचं पाणी साचून नळी अडलेली असते. दोन नाकपुड्यांमधली त्वचा लाल झालेली दिसली तर तेही सांगा, टोकं घट्ट बसली की तिथे जखम होते.

आता मॉनिटर. ऑक्सिजन चालू असलेल्या अशा बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, आम्ही मुद्दाम ९० ते ९५मध्ये ठेवतो. नातेवाईकांना १०० हवं असतं, पण ऑक्सिजनवरच्या बाळाला १०० दिसणं ही आमच्या दृष्टीने तक्रार आहे. जास्तीच्या ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. त्यामुळे गजर खालच्या आकड्याला वाजतो तसा वरच्यालाही वाजतो. आणि पुष्कळदा पायाला गुंडाळलेला लाल दिव्याचा पट्टा सैल झालेला असतो, एवढंच. आकड्याशेजारची लाट बघा. ती सारखी, गोल असेल तर आकडा खरा. तुटक, दातेरी असेल तर बाळ हललंय. सिस्टर बटण दाबण्याआधी बाळाच्या छातीकडे आणि रंगाकडे नजर टाकते, तो क्षण तुमच्या लक्षात येत नाही.

एक गजर मात्र खरा असतो. मेंदूचं श्वासाचं केंद्र कच्चं असल्याने बाळ श्वास घ्यायचं विसरतं. २० सेकंदांहून जास्त विसरलं, किंवा त्याआधीच नाडी मंदावली, तर त्याला ॲप्निया म्हणतात. तळपायाला बोट घासलं की बाळ बहुधा पुन्हा श्वास घेतं. यासाठी दिलं जाणारं औषध कॅफिन आहे, आपल्या चहा-कॉफीतलंच.

रोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांना तीनच गोष्टी विचारा: दाब आणि ऑक्सिजनचा टक्का किती, दूध दर वेळी किती मिली, काल आणि आजमध्ये काय बदललं. वहीत लिहून ठेवा. आणि त्याच वहीत पहिल्या पानावर डोळे तपासणीची तारीख लिहा. तुमची मुलगी १२०० ग्रॅमच्या आतली आहे, म्हणून तिची पहिली तपासणी जन्मानंतर दोन ते तीन आठवड्यांत व्हायला हवी.

मला डिस्चार्ज मिळाला, बाळ वाशीला ॲडमिट आहे आणि मी कळव्याला. दूध पिळून आणा म्हणतात, पण चार थेंब येतात. सासूबाई म्हणतात दूधच नाही, पावडर सुरू करा. दूध घेऊन ट्रेनने जायचं तर ते खराब नाही का होणार?
– एक आई, कळवा

चार थेंब म्हणजे चीक. हजार-अकराशे ग्रॅमच्या बाळाला पहिल्या दिवशी दर दोन तासांनी एक-दोन मिलीच दूध नळीने देतात. तुमचे चार थेंब आणि त्याची भूक यांत वाटतो तेवढा फरक नाही. तेवढंच आलं तर ते एक मिलीच्या सिरिंजमध्ये ओढून आणा. तोंडाच्या आतून गालाला लावलं तरी त्याचा उपयोग होतो.

दूध वाढतं ते रिकामं केल्याने. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा पिळायचं, त्यातली एक वेळ रात्रीची, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. बाळ जवळ नसलेल्या आया नेमकी हीच वेळ झोपेपायी सोडतात आणि दहाव्या दिवशी दूध आटलं म्हणून रडतात. हात साबणाने धुवा. कोमट ओला कपडा दोन मिनिटं छातीवर ठेवा. अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रावर नव्हे तर काळसर भागाच्या कडेला. आधी मागे बरगड्यांच्या दिशेने दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. बोटं कातडीवर घसरवू नका, त्याने फक्त सोलवटतं. मिनिटभर काहीच येत नाही, मग पान्हा फुटतो. दोन्ही बाजू मिळून वीस-तीस मिनिटं. बाळाचा फोटो समोर ठेवा, किंवा त्याच्या अंगाखालचं दुपटं मागून आणा. वासाने पान्हा लवकर येतो. दुसऱ्या आठवड्याअखेर दिवसाला ५०० मिली हे ध्येय ठेवा, बाळाला तेव्हा तेवढं लागत नसलं तरी.

साठवण्याबद्दल. पुस्तकात खोलीच्या तापमानाला चार तास लिहिलेलं असतं, पण ती खोली २५ अंशांची. कळव्यातली मे महिन्याची दुपार त्यात बसत नाही, म्हणून पिळल्यावर लगेच फ्रीजमध्ये. आतल्या बाजूला, मागे ठेवा. दारातल्या कप्प्यात नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. रुग्णालयातल्या बाळासाठी फ्रीजमधलं दूध २४ तासांत पोहोचलेलं बरं. प्रत्येक बाटलीवर आईचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि पिळल्याची वेळ. दोन वेळचं दूध एकत्र करायचं तर आधी दुसरं गार करा. गारात कोमट ओतू नका.

प्रवासाला भाजीवाल्याच्या थर्माकोलच्या डब्यापेक्षा झाकणाची छोटी आइसबॉक्स घ्या. खाली आणि बाजूंना गोठवलेल्या जेलच्या पिशव्या, मध्ये बाटल्या उभ्या, वरची मोकळी जागा स्वच्छ रुमालाने भरा. कळवा ते ठाणे, गाडी बदलून वाशी, आणि पुढे रिक्षा एवढ्या वेळात दुधाला काही होत नाही. गोठवलेलं दूध वाटेत वितळलं तर मात्र पुन्हा गोठवायचं नाही, चोवीस तासांत संपवायचं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका.

पावडरीबद्दल सासूबाईंना एवढं सांगा: मुदतपूर्व बाळाच्या आतड्याचा दाह होऊन आतडं सडण्याचा एक आजार असतो, आणि वरच्या दुधावरच्या बाळांत तो जास्त दिसतो. पोट फुगणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त ही त्याची लक्षणं. म्हणून आईचं दूध पहिलं, आणि ते कमी पडलं तर मिल्क बँकेतलं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. अशा ठिकाणी दात्या आईची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास पाश्चराइझ केलं जातं. शेजारणीचं दूध थेट आणून देणं म्हणजे मिल्क बँक नव्हे. पुढे डॉक्टर तुमच्याच दुधात एक पुडी मिसळायला लागतील. ती पावडर म्हणजे वरचं दूध नाही, जादा प्रथिनं आणि कॅल्शियम असतं. तेव्हा दूध कमी कसाचं आहे असं मनाला लावून घेऊ नका.

सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही असं आम्ही ऐकत आलो. नातू आठव्यात झाला. खरं काय? शिवाय गुटी आणि मध कधी सुरू करायचा?
– एक आजी, नौपाडा

खोटं. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो, आठवा महिना सातव्याहून चांगलाच. मध एक वर्षापर्यंत नाही, त्यात बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू असू शकतात. गुटी नाही, काजळ नाही, टाळूवर तेल थापणं नाही. बारसं खुशाल करा, पण घरातल्या घरात आणि बाळ घरी आल्यावर. नाव मात्र आजच ठेवलंत तरी चालेल. केसपेपरवर ‘बेबी ऑफ’ असतं, पण सिस्टर बाळाला नावाने हाक मारायला लागल्या की आईच्या चेहऱ्यात फरक पडतो.

तिसावा आठवडा चालू आहे, बीपी वाढतंय. डॉक्टर म्हणाले लवकर डिलिव्हरी करावी लागेल. आमचं नर्सिंग होम जवळ आहे, पण तिथे एनआयसीयू नाही. बाळाला नंतर हलवता येईल का?
– खारघर

हलवता येतं, पण आधी स्वतः हला. बाळासाठी आईच्या पोटाइतकी चांगली ॲम्ब्युलन्स अजून कुणी बनवलेली नाही. सायन-पनवेल महामार्गावर संध्याकाळी सातला दीड किलोचं बाळ व्हेंटिलेटरसकट नेणं आणि त्याच रस्त्याने सकाळी तुम्ही स्वतः जाणं, यात फरक किती ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट इंजेक्शनची. बाळाची फुप्फुसं पिकवण्यासाठी आईला स्टिरॉइड देतात, २४ ते ३४ आठवड्यांत. आपल्याकडे बहुधा डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, दर बारा तासांनी. शेवटच्या इंजेक्शननंतर चोवीस तास मिळाले तर उत्तम, पण एकच घेऊन प्रसूती झाली तरी उपयोग असतो. पहिलं इंजेक्शन जिथे आहात तिथेच घेऊन मग निघा आणि त्याची वेळ कागदावर लिहून घ्या. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट द्यायचंय का, तेही विचारा.

नवं रुग्णालय निवडताना लॉबीतला संगमरवर बघू नका. रात्री दोन वाजता एनआयसीयूत डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात की फोनवर? व्हेंटिलेटरवरच्या बाळांमागे सिस्टर किती? एका सिस्टरकडे अशी दोनपेक्षा जास्त बाळं असतील तर विचार करा. ३० आठवड्यांची बाळं तिथे नेहमी सांभाळतात का? डोळे तपासायला कोण येतं? आणि आईला आत कधी, किती वेळ सोडतात? शेवटच्या प्रश्नाला ‘फक्त काचेतून’ असं उत्तर आलं तर आम्ही तरी दुसरीकडे चौकशी करू.

प्रसूती अचानक झालीच आणि बाळ हलवावं लागलं, तर निघण्याआधी पलीकडे फोन करून बेड पक्का करा. काखेत तापमान ३६.५ ते ३७.५ आलेलं हवं आणि रक्तातली साखर तपासलेली हवी. ॲम्ब्युलन्सचा एसी बंद. वाटेत बाळ दगावतं ते बरेचदा मूळ आजारापेक्षा गारठल्याने आणि साखर उतरल्याने. ट्रान्सपोर्ट इन्क्युबेटर नसेल आणि बाळाचा श्वास ठीक असेल, तर टोपडं घालून बापाच्या उघड्या छातीशी, वरून शर्ट आणि शाल.

भावाचं बाळ पूर्ण दिवसांचं, पण जन्मल्यावर रडलं नाही. आता त्याला गार गादीवर ठेवलंय, अंग बर्फासारखं लागतं. बाकी सगळ्या बाळांना ऊब आणि यालाच थंडी, असं का?
– एक आत्या, नेरूळ

प्रश्न अगदी रास्त आहे. जन्मताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की काही पेशी लगेच मरतात, पण त्याहून जास्त पेशी पुढच्या काही तासांपासून दिवसांत हळूहळू मरतात. ही दुसरी लाट थोपवण्यासाठी शरीराचं तापमान ३३.५ अंशांच्या आसपास आणून बरोबर ७२ तास ठेवतात. जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करावं लागतं, म्हणून निर्णय घाईने घेतला असं तुम्हाला वाटलं असेल. मुदतपूर्व बाळांना हा उपचार देत नाहीत, म्हणून शेजारची बाळं उबेत दिसतात.

आतल्या तापमानाचा काटा गुदद्वारात असतो आणि गादी त्याप्रमाणे गार-गरम होते. बाळाला थंडीचा त्रास होऊ नये म्हणून औषधही देतात. तुम्ही करायचं ते एकच: मायेपोटी अंगावर दुपटं टाकू नका. तीन दिवसांनी ऊब देतात तीही सावकाश, तासाला अर्ध्या अंशाच्या आत, कारण घाई केली तर झटके येऊ शकतात. त्यानंतर एमआरआय होतो, आणि बाळ कितपत सावरेल याचा अंदाज तेव्हा सांगता येतो. त्याआधी दर तासाला विचारून डॉक्टरांकडून काही वदवून घेण्यात अर्थ नाही.

खाजगीत रोजचा खर्च झेपत नाही. मध्येच हलवलं तर बाळाला धोका आहे का? सरकारी योजना खरंच मिळतात?
– दिवा

बाळ स्थिर असेल तर हलवता येतं. व्हेंटिलेटरच्या सेटिंग रोज वाढत असतील तर त्या दिवशी नको. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांतल्या नवजात विभागांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११पासून) आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे. ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय तुम्हाला जवळ पडेल, पण तिथे गर्दी असते, म्हणून आधी डॉक्टरांकरवी डॉक्टरांना फोन आणि मगच बाळ बाहेर काढायचं. खाजगी रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, ॲडमिशनच्या दिवशीच भेटा. बिल झाल्यावर गेलात तर उपयोग नाही, मंजुरी आधी लागते. बाळाचं आधार नसतं. आईवडिलांची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि जन्माची नोंद बरोबर ठेवा. घरात विमा पॉलिसी असेल तर नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय की ९० दिवसांनंतर, ते आजच वाचा.

सिस्टर मला कांगारू करा, म्हणजे बाळ उघड्या छातीशी धरा, म्हणतात. माझ्या छातीवर केस आहेत, बाळाला चालेल? आणि परवा १७०० ग्रॅमवर घरी सोडणार आहेत. इतक्या लहान बाळाला घरी नेणं बरोबर आहे का?
– एक बाबा, घोडबंदर रोड

केस चालतात. गुटखा, सिगारेट आणि डिओचा वास चालत नाही. आंघोळ करून, पुढून उघडणारा शर्ट घालून या. बाळाला फक्त टोपडं, मोजे आणि लंगोट. ते उभं, बेडकासारखं पाय दुमडून छातीच्या मधोमध ठेवायचं, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासनलिका दुमडत नाही. पोट तुमच्या पोटावर येईल असा कापड बांधा. तुम्ही मागे रेलून बसा, आडवं नको. एका बैठकीत किमान तास, कारण काढण्या-ठेवण्यातच बाळ दमतं. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून ही पद्धत सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटना २०२२पासून सांगते की मुदतपूर्व आणि कमी वजनाच्या बाळाला ती जन्मल्यापासून, दिवसाला ८ ते २४ तास द्यावी. एकट्या आईकडून हे तास भरत नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावतात.

१७०० ग्रॅम हा आकडा एकटा पुरेसा नाही. तीन दिवस सलग वजन वाढतंय का, पेटीबाहेर तापमान टिकतंय का, सगळं दूध तोंडाने घेतंय का, पाच-सात दिवसांत ॲप्निया झालेला नाही ना? चारही हो असतील तर घर रुग्णालयापेक्षा सुरक्षित, जंतूंच्या दृष्टीने तर नक्कीच. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ ३४ आठवड्यांच्या सुमारास बसतो. अंगावर पिताना बाळ दमलं तर उरलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. आजीच्या कपाटात चांदीचं बोंडलं असतं. उकळून घेतलं तर झकास चालतं. बाटली मात्र नको.

खोली २६ ते २८ अंश. एसी लावायला हरकत नाही, झोत अंगावर नको. थर्मामीटर हाताशी नसेल तर हाताच्या पालथ्या बाजूने बघा: पोट गरम, तळपाय गार म्हणजे बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या, पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच रुग्णालय गाठा. अंघोळ दोन-अडीच किलो होईपर्यंत नाही, कोमट पाण्याने पुसा. धुरी आणि शेगडी अजिबात नाही. झोपवायचं पाठीवर. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून देतील, ते ‘बाळ तर छान आहे’ म्हणून बंद करू नका. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण बसायला, बोलायला कधी लागेल हे मोजताना दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून वय धरा.

दूध सोडलं, मिनिटाला ६०च्या वर श्वास, बरगड्या आत ओढल्या जाणं, हिरवी उलटी, तळहात-तळपाय पिवळे, किंवा बाळ नेहमीपेक्षा ‘शहाणं’ झालं, म्हणजे भुकेलाही रडत नाही, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. गायमुखपासून कापूरबावडीपर्यंत कधी अडकाल याचा भरवसा नसतो, तेव्हा रात्री कुठे जायचं ते आजच ठरवून नंबर दारामागे लावा.

आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर दोन रिकाम्या ओळी शोधा. एक कानाची: एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला साध्या चाचणीवर न थांबता एबीआर, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी हवी. दुसरी डोळ्यांची. बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलं असेल तर पहिली तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत. तुमचं बाळ बाविसाव्या दिवशी घरी जात असेल तर ती तारीख घरी आल्यानंतर येते, आणि घरच्या गडबडीत सुटते ती हीच. पडद्याला इलाज लागणार असं निघालं तर हातात ४८ ते ७२ तासच असतात. वेळ ठरवून, कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्डातून निघू नका.